चार नंबरचं वल्हं

मार्चअखेर. हरिपुरात, पत्र्याच्या शेडात
होडी पालथी घातलीय दोन ओंडक्यांवर
आणि तिच्या कडेला बसून आम्ही अकरा जण
वर्षाचा हिशेब काढतोय.
बारावा, शीतल, चाकणला कंपनीत लागला.
त्याचा फोन स्पीकरवर ठेवलाय
डांबराच्या डब्यावर.

इतिवृत्त माझ्याकडं, कारण माझं अक्षर बरं.

जमा: वर्गणी, गणपती मंडळाची शिल्लक,
हळदवाल्या आवटींचे पाच हजार.
बनियनही त्यांनीच छापून दिले,
त्यात हरिपूरची रि दीर्घ पडली
आणि सांगलीवाडीची पोरं वर्षभर घाटावरनं
तशीच लांबवून ओरडली.
खर्च: काथ्या, डांबर, दोन वल्ही, चहा.
चहा वल्ह्यांपेक्षा जास्त.
बाळगोंडा म्हणाला, हे नका लिहू.
लिहिलं.

शर्यती चार.
पहिली मारली.
दुसरीत समडोळीवाल्यांनी आडवी घातली,
तक्रार केली, तक्रारीचं काही झालं नाही.
तिसरी रद्द. कोयनेतनं पाणीच सोडलं नाही,
उघड्या पडलेल्या गोट्यांवर बसून
आम्ही दीड किलो भडंग संपवलं.
चौथी.

चौथीपाशी सगळे गप्प.

आयर्विनच्या कमानीपतुर आपण पुढं होतो,
अर्धी होडी. दगडू म्हणतो पाऊण.
मग?

इलाही म्हणाला, वारा.
बाळगोंडा म्हणाला, वारा काय आपल्याच तोंडावर होता?
दगडू उठला, होडीच्या बुडावर थाप मारली:
पुरात पेवातली हळद काढायला हीच नेली का न्हाई,
तवाच फळ्या पाणी प्याल्या. जड झालीया.
नखानं सांध खरवडली त्यानं.
नख पिवळं.
डब्यावरनं शीतल म्हणाला,
सुकाणू जरा उशिरा वळलं का, अण्णा?
सुकुमारअण्णांनी फोनकडं नुसतं बघितलं
आणि तेवढ्यात रेंज गेली.
वारा, म्हणाला इलाही. पुन्हा.

मी लिहीत होतो. फळ्या. सुकाणू, एकमत नाही. वारा.
कुणी म्हणालं नाही, चार नंबर.

चार नंबर मी.
कमानीच्या सावलीत शिरलो आणि खांद्यात काहीतरी
ओल्या दोरीची गाठ निसटावी तसं निसटलं.
त्यानंतरची सात-आठ वल्ही मी पाण्याला लावलीच नाहीत.
वरच्या वर मारली. तालात, अगदी बरोब्बर तालात,
काठावरच्या कुणाच्या बापाला कळू नये अशी.
पण पाच नंबरला, माझ्या पाठीशी, इलाही बसतो.
गेली एकोणीस वर्षं
मी ढकललेलं पाणी आधी त्याच्या वल्ह्याला लागतं.
त्या दिवशी लागलं नसणार.

तो माझ्याकडं न बघता म्हणाला,
लिव्हा की मास्तर. वारा.

पुढल्या सालचं:
फायबरच्या होडीचा भाव काढणे.
नव्या बनियनवर रि ऱ्हस्व, आवटींना समक्ष भेटून.
जेष्ठापासनं पहाटे पाचला सराव,
येणार नाही त्याला चहा नाही.
शीतलच्या जागी बाळगोंडाचा पुतण्या,
सतरा पूर्ण, डावखुरा, अजून घाबरत पोहतो.
बाकी जागा हाय त्याच, इलाही म्हणाला.
मंजूर असेल त्यांनी हात वर.

दहा हात वर गेले, पोराचाही,
त्याला अजून मत नाही तरी.
मीही उजवा उचलला.
कानापर्यंत आला आणि तिथंच थांबला,
शाळेत उत्तर अर्धवट येणाऱ्या पोराचा थांबतो तसा.
सगळ्यांनी बघितलं.
मग सगळे होडीकडं बघायला लागले.

बराच वेळ गेला.
पोरगंच म्हणालं, काका, घ्या खाली. मोजून झालं.

मी वही मांडीवर ओढली,
चारपुढं लिहिलेलं एक नाव नीट, पट्टीनं खोडलं,
शीतलची जागा कोऱ्या ओळीवर सोडली,
आणि पोराला विचारलं त्याचं नाव.
शाळेतलं. पूर्ण.
वडिलांच्या नावासकट लागतं वहीत.