स्टॉपर

यादीत नाव नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं.
शिरोलीच्या फाउंड्रीतली रात्रपाळी सुटली
की तसाच गांधी मैदानावर,
थोरल्याचे बूट, चवड्यात कागद कोंबलेला.

माझ्या जागेवर मडगावचा एकजण आणलाय,
तालमीनं खोली दिलीय, रोज अंडी.
पोरगा वाईट नाही.
काल पडला, तर मीच हात दिला;
पुढच्या बॉलला मात्र खांदा लावला, सगळा.

नदाफ मास्तर शिट्टी दातात धरून गप्प.

गोल मारणाऱ्याला पेठ डोक्यावर घेते.
आपलं काम एवढंच,
कुणी पलीकडं जाऊ नये.

उद्या फळ्यावर अकरा नावं.
आई विचारते, "लागला का नंबर?"
मी उंबऱ्यावर बूट उलटे करतो :
मैदानाची तांबडी माती चिमूटभर,
बाकी सगळी फाउंड्रीची
काळी वाळू.