पंचनामा

जिंतूरच्या उपकेंद्रात, रात्री अडीचला,
पडद्यावरचा बाण आपोआप हलला.
मुंजाजीचे दोन्ही हात चहाच्या कपाला.

तीन नंबरचा फीडर गेला.
कुत्रं भुंकलं नाही. कुंपण शाबूत.

पूर्वीचे चोर तेल न्यायचे, तांब्याची तार न्यायचे,
चिखलात चपलेचा ठसा तरी ठेवायचे.

तो यार्डात धावला, हातानं ब्रेकर चढवला;
सरकारी दवाखान्यात, काचेच्या पेटीत,
कुणाचं तरी लेकरू उबेला होतं.

सकाळी हवालदारानं विचारलं, आला कुठून?
मुंजाजीनं भिंतीतून येणारी निळी वायर दाखवली.
पंचनाम्यात तिची लांबी लिहिली.

आता मुंबईहून नवा कायदा आलाय, बावीस पानी.
कलम नऊ: पासवर्ड उघड्यावर ठेवल्यास शिक्षा.
फळ्यावर खडूनं लिहिलेलं लेकीचं नाव
त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं.

वाळल्यावर
दैवशाला
अजून वाचता येतं.