यावच्चंद्रदिवाकरौ

गुन्वोरच्या माळ्यावर मी भाड्यानं राहतो.
एक तारखेला पैसे देतो, ती वहीत टिंब काढते.
भाडं म्हणजे काय
ते आम्हा दोघांनाही नीट कळतं.

म्हणून त्या दुपारी ती जिना चढून आली,
पायात बूट तसेच, बर्फ लागलेले,
तेव्हा मला वाटलं कोणी तरी गेलं.
तिनं फोन पुढे केला.

ती पियानो जुळवते. सदतीस वर्षं.
आधी वडिलांच्या स्वरकाट्यावर,
मग कानात वय शिरलं तेव्हा एक ॲप घेतलं:
दोन हजार चारशे क्रोनर, एकदाच.
पावती डब्यात आहे, नऊ वर्षांपूर्वीची.
पावतीवर शब्द आहे: कायमचं.

त्यात तिनं तीनशे अकरा पियानो नोंदवलेत.
धक्क्यावरच्या हॉटेलातला, ज्याची खर्जातली एक तार कधीच बसत नाही,
बेटावरच्या शाळेतला, ज्यात मुलं पेन्सिली टाकतात,
म्हाताऱ्या थुरफिनचा, जो बायको गेल्यापासून कुणी वाजवत नाही
आणि तरी तो दर ऑक्टोबरात जुळवून घेतो.

आज चर्चमध्ये झाकण उघडलं, फोन उघडला,
तर पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस.
गुन्वोर, आनंदाची बातमी!
दरमहा फक्त एकशे एकोणनव्वद.
खाली दोन बटणं: 'सुरू करा', 'नंतर आठवण द्या'.
"नाही कुठाय?" तिनं विचारलं.
मीही शोधलं.
नाही नव्हतं.

कंपनीचं उत्तर आलं, फार गोड:
तुम्ही घेतलेली आवृत्ती तुमचीच आहे.
ती फक्त आता उघडत नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे जमीन दिली की दगडावर कोरत,
चंद्र-सूर्य आहेत तोवर.
वर दोघांची चित्रं,
आणि शब्द मोडणाऱ्यासाठी खाली एक गाढव.
गाढवाचं पुढचं मी गाळलं.
ती इतकी हसली, की समजलीच असावी.
मग खिडकीकडे बघून गप्प झाली.
ट्रॉम्सोत तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मिट्ट काळोख.
"सूर्य तर इथं नोव्हेंबरातच गेलाय," ती म्हणाली.
"त्यांचा वकील नेमकं तेवढंच धरेल."

ग्राहक कार्यालयातला पोरगा चांगला होता.
"अटींचं पान चौदा वाचलंत?"
"पान चौदा माझ्या पावतीनंतर लिहिलंय."
तो टाइप करायचा थांबला.
"हे लिहा," म्हणाला, "हे नक्की लिहा.
अकरा आठवडे तरी लागतील."

तोवर पुन्हा स्वरकाटा.
गुडघ्यावर आपटायचा, दांडी दातांत धरायची;
कान विसरला ते हाडाला आठवतं म्हणे.
एका पियानोला आता अख्खा दिवस जातो.
पाद्री गमतीनं बोलून गेला,
"तू तरी काय गुन्वोर, दरवर्षी येतेसच पैसे न्यायला."

तिथं ती काही बोलली नाही.
रात्री मासे तळताना तव्याला म्हणाली,
"येते. बोलावतात म्हणून येते.
नाही बोलावलं
तर रात्रीतून तारा काढून नेत नाही."

जानेवारीत एका दुपारी
दोन डोंगरांच्या खाचेत सूर्य आला, चार मिनिटं.
सगळं गाव रस्त्यावर, हातात जाम भरलेले गोल पाव.
तिनं पाव तोंडात धरला, दांडी धरते तसा,
आणि भिंतीला कागद टेकवून लिहिलं:

जोडपत्र तीन.
चंद्र होताच.
सूर्य आज सव्वाबाराला हजर झाला.
दोघांनाही साक्षीला बोलवावं.

खाली जामच्या डागाशेजारी
पेन्सिलीनं काढलेलं चार पायांचं काही तरी.
कान जरा मोठेच झालेत.