चाळीस दिवस

बाबुली मेस्त्री घुमटाच्या आतून शेवटचा गिलावा मारून
शिडीने वर आला आणि म्हणाला,
"वैनी, आज घातलास ता आज पेटाचा नाय.
चाळीस दिस पोटात ऱ्हवतला सगळा, मगे वर येतला."
मी मनात म्हटलं, पोरापेक्षा लवकर की.

खड्ड्यालाच अकरा दिवस लागले होते.
सड्याखालचा जांभा, पहार मारली की हाताला झिणझिण्या.
संडासाची नळी त्यातच सोडली
हे आम्ही कुणाला सांगितलं नाही.
पण वाडीत नळी पुरता येते,
ती कुठे जाते ते पुरता येत नाही.
तातू परब चहाला बसेना.
"नको गे बाय, माका उपास आसा."
बुधवारी. तोंडाला सुकटीचा वास.

मी वाद घातला नाही.
एवढंच कळेना,
तांबूचं शेण देवाच्या पाटाखाली चालतं,
तुळशीपुढे चालतं,
मेलेल्याला निजवायच्या जागीही चालतं,
मग तिच्या शेजारी आपलं आलं
की माणसाला ओकारी का येते.
ती गवत खाते.
भात तरी दुसरं काय असतं?

रोज पहाटे दोन घमेली शेण, दोन बादल्या पाणी.
कोपरापर्यंत हात घालून काड्या काढायच्या
तांदळातले खडे निवडावेत तशा.
पहिल्या वर्षी बांगड्या उतरवायचे.
मग तशाच.

चतुर्थीला मुंबईहून सतरा माणसं आली.
दिवा, भाईंदर, नालासोपारा.
पाच दिवस संडासाच्या दाराशी रांग,
आणि शेगडीवर ज्योत अशी निळी, अशी ताठ
की काळ्या वाटाण्याची उसळ बोलता बोलता शिजली.
मोदक मात्र मोठ्या जावेने
पडवीत चूल मांडून वेगळे उकडले, डोळे पुसत पुसत.
पाहुण्यांनी आपापला भात आपणच शिजवला
हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

पौषात तांबू गेली.
बसली ती उठलीच नाही.
डॉक्टर देवगडहून दुपारी आला, तोवर माश्या आल्या होत्या.
फणसाखाली खड्डा खणायला
तातू न बोलावता कुदळ घेऊन उभा.
त्या रात्री मी शेगडीकडे गेले नाही.
दुसऱ्या दिवशी काडी ओढली,
पेटली.
तेव्हा मेस्त्रीचा हिशेब आठवला.

पेज शिजत होती ती
मार्गशीर्षात मी बांधावरून कापलेल्या गवतावर.
तिने तोंड फिरवत खाल्लेल्या पेंढ्यावर.
केळीची पानं चोरली म्हणून मी काठी मारली होती,
त्या पानांवर आता पिशवीतलं, विकतचं दूध तापत होतं.
मी ज्योत बारीक ठेवू लागले.
कुणी निजलं असेल तर कंदील करतात तशी.
भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ.

एकोणतिसाव्या रेघेला तातू आला, पायरीवर टेकला.
"चाय ठेव गे."
"आज उपास नाही?"
तो फणसाकडे बघत होता.
"तांबूचीच मां अजून?"
मी नळीत साचलेलं पाणी काढलं, साखर जास्त घातली.

चाळीस झाले. मी उगाच दहा रेघा आणखी ओढल्या.
शेगडी अजून पेटते,
थोडी खोकते, मग धरते.
आता तिच्यात आम्ही दोघंच.
दोघांचं खाल्लंपिल्लं, दोघांचं दुखलंखुपलं
सगळं मिळून सकाळचे दोन कप होतात.
तिसऱ्याला उकळी येत नाही.

काल तातू पुन्हा पायरीवर.
मी आमच्यातलाच अर्धा त्याला दिला आणि म्हटलं,
"पूर्ण कप हवा असेल तर तात्या,
उद्यापासून सकाळचे आमच्याकडेच येत जा.
दार उघडं असतं. बादली भरलेली असते."
त्याने आधी मान डोलावली.
मग समजलं.
मग चार पिढ्यांना पुरतील एवढ्या शिव्या घातल्या,
आणि त्या घालता घालता
कपाच्या तळाची साखर बोटाने चाटून गेला.