मवाळ

पोर्ट चाल्मर्सच्या धक्क्यावर
सकाळचे ओंडके मोजून झाले
की मी कॅन्टीनमागच्या बाकावर डबा उघडतो.
आज तिथे कुणी पेपर ठेवून गेलं होतं,
घडी नेमकी त्याच पानावर.
लॉकलन स्ट्रँग, नवा अल्बम. साडेतीन तारे.

अर्धा तारा कशाने कापतात कुणास ठाऊक.

फिलिपा गॅरो लिहिते, अखेर हा माणूस निवळला.
निवळला!
म्हणजे अकरा वर्षं आम्ही गढूळ पाणी होतो,
तो, मी आणि बेसवर रावीरी,
आणि मग कुणी तुरटी फिरवली.

वेलिंग्टनचं मासिक म्हणतं, प्रौढ.
ऑकलंडचा एक जण म्हणतो, सपक.
आणखी एकाने लिहिलंय, कोमट पाण्यात बसल्यासारखं वाटतं,
बाहेर यावंसं वाटत नाही
आणि आत अंगही शेकत नाही.
हे मी दोनदा वाचलं.
बरं वाटलं.
मग बरं वाटल्याचंच ओशाळं वाटलं,
सँडविच तसंच गुंडाळून ठेवलं.

जहाल होतो आम्ही.
डनीडनच्या त्या तळघरात भिंतींना घाम फुटायचा,
वरचा खाटीक झाडूच्या दांड्याने जमीन ठोकायचा
आणि आम्ही त्याचाही ठेका धरायचो.
जागा एवढीशी, की माझी मोठी झांज
लॉकलनच्या डाव्या कानापासून हातभर.
हातभरच.
सरक म्हणालो नाही. सरकणार कुठे?

शेवटच्या दौऱ्यात, इन्व्हरकारगिलच्या मोटेलात,
तो टीव्ही नुसता खरखरत ठेवून झोपायचा.
म्हणाला, शांत झालं की किटली शिट्टी घालते रे,
रात्रभर,
आणि शेगडी कुठे आहे तेच सापडत नाही.
मी उशी डोक्यावर घेऊन हसलो होतो.

हे फिलिपाबाईंना कोण सांगणार.
त्यांना त्या आवाजात पोक्तपणा दिसतो,
गाण्यागाण्यांमधल्या मोकळ्या जागांत
काय काय दिसतं.

चौथ्या गाण्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे:
ताल तिसऱ्या आवर्तनात किंचित पुढे सरकतो,
चूक आहे, दुरुस्त करायला हवी होती.
अर्धा तारा बहुधा तिथेच गेला.

काल रात्री ट्रकमध्ये बसून ऐकलं,
फाटकाबाहेर, दिवे बंद करून.
घरात ऐकलं असतं तर मोइराने विचारलं असतं, कसं आहे.
ड्रम नाहीतच.
नुसती बोटं, लाकडावर,
गिटारच्या पाठीवर असावीत. त्याचीच.
पहिलं आवर्तन नीट. दुसरं नीट.
तिसऱ्यात तो घाईने आत शिरला

माझ्यासारखा.

तिथेच शिरायचो मी, दर वेळी,
आणि दर वेळी तो मान वळवून डोळे वटारायचा.
त्या एका मात्रेवरून किती भांडलो.
शेवटचंही त्यावरूनच,
टिमारूच्या पेट्रोल पंपावर, पावसात,
रावीरी गाडीत बसून चिप्स खात होता
आणि काच वर करून घेतली त्याने.

आता तर पुसून पुन्हा वाजवायची सोय आहे,
पन्नास वेळा, शंभर वेळा.
ती घाई त्याने ठेवली.
काच धुकटली तरी मी ते गाणं पुन्हा लावत राहिलो,
आवाज कमी करून.

सकाळी पेपरातल्या एका मुलीचा फोन आला होता.
जुना साथीदार म्हणून तुमचं मत?
बरा आहे, म्हटलं.
आणखी काही?
थोडा हळू आहे.
तिने लिहून घेतलं, पेनाचा आवाज आला मला.
माझे कान शाबूत आहेत.

भोंगा झाला. कोरियाला जाणारं जहाज लागलंय.
प्रत्येक ओंडक्यावर खडूची एक टिचकी,
एक, एक, एक,
तिसऱ्या रांगेत मोजणी चुकली.
मुकादम ओरडला.
पुन्हा पहिल्यापासून.