इतिवृत्तात न आलेलं

चार विरुद्ध तीन, एवढंच लिहिलं मी.
तारीख घातली, सूचक, अनुमोदक,
आणि "मेन स्ट्रीट, क्रमांक २१४, पाडण्यास मंजुरी."
नगर परिषदेच्या वहीत याहून जास्त मावत नाही.

ऑरिन थ्रेलकेल्ड बोलला, ते मावलं नाही.
एकोणऐंशी वर्षांचा गवंडी, टोपी हातात घेऊन उभा.
म्हणाला, भिंत म्हातारपणानं गेलेली नाही,
सिमेंटनं गेलीय.
जुनी वीट मऊ, आपल्याच नदीकाठच्या मातीची.
तिला चुना लागतो, तिच्याहूनही मऊ.
थंडीत भिंत अंग चोरते, उन्हात सैल सोडते,
मधे कुणीतरी झिजायला नको?
चुना झिजतो, वीट राहते.
तुम्ही दरजांत सिमेंट भरलंत, टिकाऊ म्हणून,
आता ते टिकलंय
आणि विटांचे पोपडे पडतायत.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
नागरिकांना तीन मिनिटं असतात.

व्हेल्डा क्रोगस्टाडनं हात वर केला, पाडायच्या बाजूनं.
आणि वर छज्जावर दगडात कोरलेलं नाव
तिच्याच पणजोबांचं. क्रोगस्टाड, १८८८.
मागच्या खुर्च्यांतून कुजबुज उठली.
बाहेर गाडीची काच खरवडताना ती मला म्हणाली,
"नाव वर राहिलं गं, इमारत बँकेनं नेली.
माझा बाप त्याच जिन्याच्या बावीस पायऱ्या पुसायचा,
नाटक बघायला लोक यायच्या आत.
या रस्त्यावर आम्ही कुणी
मान वर करून चाललेलं मला आठवत नाही."
हेही लिहिलं नाही.

मका काढून झाला, धान्याचे ट्रक थांबले,
तेव्हा मशीन आलं.
विटा मोजून, प्लास्टिकात गुंडाळून टेक्सासला गेल्या,
एका विटेला साठ सेंट.
तिथं कुणाच्या तरी अंगणात
मांस भाजायच्या चुलीभोवती लावणार आहेत म्हणे.
नाटकघराचा पडदा कुणालाच नको होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी धूळ बसली
आणि शेजारच्या डालक्विस्ट फार्मसीची भिंत उघडी पडली.
१८८८ नंतर तिला ऊन लागलं नव्हतं.
निळी जमीन, पिवळी अक्षरं, माणसाच्या उंचीची:
हॉस्किन्सचं पीठ. हमखास फुगतं.
खाली कोंबडा, तुरा असा लाल
की रंगारी जेवायला गेलाय आणि येईलच आता.

शाळेनं पोरं आणली.
बँकेतल्या मुली कॉफीचे कप घेऊन फुटपाथवर.
केंट डालक्विस्ट दर पाच मिनिटांनी दाराबाहेर येऊन
स्वतःच्याच भिंतीकडे बघून आत जायचा.
ऑरिननं एका दरजेत बोट घातलं, पांढरी भुकटी काढली,
जिभेला लावली,
आणि काही बोलला नाही.

कोंबड्याला एकच पाय आहे, हे पहिलं पोरांना दिसलं.
दुसऱ्याची नुसती खडूची रेघ.
तो रंगवायच्या आतच
क्रोगस्टाडचे गवंडी पाया खणायला आले असणार.

व्हेल्डा सगळ्यांच्या शेवटी आली.
मोकळ्या प्लॉटच्या मधोमध, विटांच्या चुऱ्यात उभी राहिली,
मान मागे टाकून बराच वेळ.
मग हसली, ठसका लागेपर्यंत.
"बघ," म्हणाली,
"आम्हीसुद्धा कुणाचं तरी अर्धं झाकूनच वर चढलो होतो."

मेपर्यंत निळा उतरला, आकाश धुतल्यासारखा.
तुरा विटकरी झाला, म्हणजे विटेचाच.
सकाळी कचेरी उघडायला जाते
तेव्हा ऑरिनची शिडी लागलेली असते भिंतीला,
खाली चुन्याची बादली. त्याला कुणी सांगितलेलं नाही,
पैसे तर नाहीतच.

काल रात्रीच्या सभेचं इतिवृत्त, विषय सहावा:
कोंबड्याचा दुसरा पाय रंगवावा की नाही.
चर्चा झाली. एक तास दहा मिनिटं.
निर्णय पुढे ढकलण्यात आला.