चौथी ओळ

एक जुलैच्या आदल्या दिवशी
डॉर्कस हिस्कॉक गुडघ्यांखाली जुनी उशी घेते
आणि दगडासमोर बसते.
सोनेरी रंगाची डबी, शून्य नंबरचा ब्रश,
ओलं फडकं, फ्लास्कमध्ये चहा.
वय सत्त्याहत्तर. हात अजून हलत नाही,
हललाच तर ती वाऱ्याला बोल लावते.

गावाचं नाव ग्रेट टर्न कोव्ह, गाव मात्र मुठीएवढं.
न्यूफाउंडलंडच्या नकाशावर
माशी बसली तर झाकून जाईल.
तरी दगडावर अकरा नावं आहेत,
एकाच सकाळी गेलेली, फ्रान्समधल्या एका उतारावर.
चहा निवायला लागतो
त्याहून फार वेळ लागला नव्हता.

इथलं मीठ नावं खातं.
अक्षर म्हणजे ज्याला क्षय नाही, असं आपण म्हणतो;
समुद्राला ते कुणी सांगितलेलं नाही.
म्हणून दरवर्षी गिरवायचं,
पाटीवर पोर गिरवतं तसं,
वळण न सोडता.

पण चौथी ओळ मिठाने झिजलेली नाही.

टॅमझिन कीपिंगला वाचता येत नव्हतं.
दगड बसवला त्या दिवशी तिने विचारलं,
माझा कुठला?
धुकं होतं. कुणीतरी लांबून बोट दाखवलं.
लांबून दाखवलेलं बोट
एखाद्या ओळीने चुकतं.
तिने चौथीवर तळवा ठेवला
आणि पस्तीस वर्षं ठेवत राहिली,
दर रविवारी, मासे खारवून भेगाळलेला तळवा.
बोलायची त्याच्याशी:
शेळी व्याली.
छपराचं काम एकदाचं झालं.
तुझ्या बापाचा खोकला तसाच आहे.

डॉर्कस शेजारची. सात वर्षांची,
काठीऐवजी सोबत दिलेली,
नुकतीच वाचायला शिकलेली,
म्हणजे दिसेल ते वाचणारी.
मोठ्याने वाचलं तिने:
एबेल जेन्स.
अझराया तर खालच्या ओळीत आहे!

आपण काय केलं
हे तिला स्वतःची मुलं झाल्यावर कळलं.

म्हातारी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली.
मग म्हणाली, या एबेलचं कोण आहे?
कुणी नाही, डॉर्कसने ऐकलेलं सांगितलं,
कुठल्याशा गलबतावरून उतरला,
आला तसा भरती झाला.

टॅमझिनने हात काढला नाही.
असू दे, म्हणाली.
आणि डावा हात पाचव्या ओळीवर ठेवला,
परक्या घरात पाऊल टाकावं तसा.

बाकीच्या नावांना रंगाचा एक हात पुरतो.
चौथीला दोन हात द्यावे लागतात.

सकाळी मुलं येतात, छातीला निळी इवली फुलं.
मासळीच्या कारखान्यातला वेस्ली बिगुल वाजवतो
आणि दरवर्षी त्याच एका सुरावर घसरतो;
आता तो नीट लागला तर गाव दचकेल.
मग शांतता. त्यात एक कुत्रं,
दोरी खांबावर आपटल्याचा आवाज,
आणि खाली पुळणीवर केपलिन मासे,
लाटेबरोबर हजारोंनी वाळूत येऊन पडणारे.
पाद्री दरवर्षी त्यांची उपमा द्यायला निघतो.
डॉर्कस म्हणते, नको.
मासे अंडी घालायला येतात.

दुपारी बाराला अर्ध्यावरचा झेंडा वर जातो.
दुसरा सण सुरू होतो, देशाचा वाढदिवस.
लाल-पांढरा केक, बादल्या घेऊन
पुळणीकडे पळणारी तीच मुलं.
तिला त्याचा राग येत नाही.
पूर्वी यायचा.

ती मागे राहते. आसपास कुणी नाही पाहून
चौथ्या ओळीवर तळवा टेकते.
धुक्यात रंग लवकर वाळत नाही
हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

रात्री भांडी घासताना
तळव्यावर सोनेरी काहीतरी दिसतं, उलटं उमटलेलं.
ती हात दिव्याखाली धरते.
स्वतःच रंगवलेलं, तरी वाचता येत नाही.

टॅमझिनला ते असंच दिसत असणार.